नानांचे चार एकर आणि माझी जीभ

बेटाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर पुढच्या उन्हाळ्यात शिकागोजवळच्या शॉमबर्गपासून न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेपर्यंतची मराठी मंडळी मिनीव्हॅन भरभरून तिथे उतरतील, रिकाम्या ग्लासात नाक खुपसून फोटो काढतील आणि खाली ‘स्वतःच्या शोधात’ असं काहीतरी लिहितील. एवढंच सांगतो की हे बेट सिअ‍ॅटलच्या वरच्या अंगाला, प्युजेट साउंडच्या थंडगार पाण्यात आहे. तिथे ऐन ऑगस्टअखेरीस सकाळी स्वेटर लागतो, आणि तिथे पांढऱ्या वाइनची द्राक्षं पिकतात. ‘पिकतात’ हा शब्द मी यजमानांचा मान राखून वापरला आहे.

मी तिथे का गेलो ते सांगायचं तर आधी माझ्या बेसमेंटमध्ये यावं लागेल.

शॉमबर्गला आम्हा पाच मित्रांचं एक वाइन मंडळ आहे. पाचही जण कधीकाळी होस्टेलच्या गच्चीवर स्टीलच्या पेल्यातून रम पिऊन मोठे झालेले, आणि सोबत चखणा काय आहे यापलीकडे तेव्हा कोणालाही कसलीही जिज्ञासा नव्हती. आता आम्ही महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमतो, ग्लासाची दांडी दोन बोटांत धरतो, ग्लास गरगर फिरवतो आणि एकमेकांशी खोटं बोलतो. मी तर सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्सही केला. त्याचं सर्टिफिकेट ऑफिसच्या प्रिंटरवर रंगीत छापून बेसमेंटमध्ये घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी लावलं आहे. त्या कोर्सात मला कळलं की उत्तम पांढऱ्या वाइनला ओल्या दगडाचा वास येतो. माझं बालपण अकोल्याला गेलं. ओला दगड म्हटलं की मला आमच्या मोरीतला कपडे आपटायचा दगड आठवतो, आणि त्याला साबणाचा आणि वडिलांच्या बनियनचा वास येत असे. पण परीक्षेत मी ‘ओला दगड’ लिहिलं आणि पास झालो. सगळेच असे पास होत असावेत.

एवढ्यावर थांबलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण गेल्या डिसेंबरात माझ्या मुलीचं, केतकीचं, नाशिकला लग्न झालं. मुलीच्या बापानं लग्नात हात जोडून उभं राहायचं असतं. पंचवीस वर्षं अमेरिकेत राहून माझी हात जोडायची सवय गेलेली, म्हणून मी व्याह्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो आणि बोलत सुटलो. पाऊण तास. विषय: थंड हवेच्या प्रदेशातल्या पांढऱ्या वाइन. आपल्याकडे नाशिकला आता हीच लागवड करायला हवी, पांढऱ्याला भविष्य आहे, वगैरे. ते सगळं मी आदल्या आठवड्यात ट्रेडमिलवर चालताना एका व्हिडिओत ऐकलं होतं.

व्याह्यांनी ते मनावर घेतलं. लग्नातलं बोलणं मनावर घेणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता.

हे आमचे व्याही म्हणजे दत्तूनाना. पिंपळगावच्या बाजूला त्यांची द्राक्षबाग आहे. त्यातले चार एकर जुनं थॉमसन, म्हणजे खायचं द्राक्ष, त्यांच्या हातचं, अठरा वर्षांचं. तिकडच्या एका वाइन कंपनीला त्याच जागी पांढऱ्या वाइनची द्राक्षं करारानं लावून हवी होती. नानांचा मुलगा निखिल, म्हणजे माझा जावई, सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं एक एक्सेल शीट बनवून वडिलांना ‘करून टाका’ सांगितलं होतं. नाना आणि विहीणबाई जुलैत मुलाकडे आले आणि आल्या आल्या नानांनी मला फोन केला.

“पाहुणे, मला द्राक्ष कळतं,” नाना म्हणाले. “त्याची दारू झाली की मला कळत नाही, मी चाखत नाही. तुम्हाला कळतं. इथं जवळच एक बेट आहे म्हणतात, थंड, पांढरी वाइन करतात. तुम्ही या, चाखा आणि मला सांगा. तुम्ही म्हणालात ‘लाव’, तर यंदाच्या छाटणीआधी चार एकर बाग काढून टाकतो.”

प्रामाणिक माणसानं इथे सांगितलं असतं की नाना, मला काही कळत नाही. मी म्हणालो, “नाना, मी तिकीट काढतो.”

फेरीच्या रांगेत

शनिवारी सकाळी केतकी गाडी चालवत होती. निखिल ऑन-कॉल असल्यामुळे लॅपटॉपसह घरीच. पुढच्या सीटवर नाना, कारण ते मुलाचे वडील. मागे मी, कारण मी मुलीचा बाप, माझ्या मांडीवर डब्यांची पिशवी, आणि शेजारी विहीणबाई, त्या पिशवीकडे लक्ष ठेवून. देश बदलता येतो, सीट बदलता येत नाही.

फेरीच्या, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीच्या, रांगेत गाडी बंद करून बसायचं असतं. इथले लोक त्या वेळात पुस्तकं वाचतात, कुत्री फिरवतात, पाण्याकडे बघत उगाच शांत होतात. पाणी शिशासारखं राखाडी, पलीकडे फरची काळपट सूचीपर्णी झाडं, आणि वर ऊन असूनही वारा असा की कान दुखावेत. विहीणबाईंनी पदर कानांवरून घेतला आणि म्हणाल्या, “इथं द्राक्ष येतं म्हणता?”

नानांनी शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं. आत चष्मा नव्हता, ब्रिक्स मीटर होता. द्राक्षाच्या रसाचा थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरला की आतल्या रेघेवर साखर किती ते दिसतं. नाशिककडचा बागायतदार हे नळकांडं जवळ बाळगतो, डॉक्टर स्टेथोस्कोप बाळगतो तसं.

“नाना, हे तुम्ही अमेरिकेला घेऊन आलात?”

“निखिल म्हणाला, इथं सगळं मिळतं. म्हटलं मिळत असेल. पण हा माझा आहे.”

मला तेव्हाच समजायला हवं होतं की या गाडीत एकाजवळ मोजायचं साधन आहे आणि दुसऱ्याजवळ सर्टिफिकेट.

टेकडीवरची वायनरी

पहिली जागा निखिलनं इंटरनेटवर बघून बुक केली होती. मालकानं म्हणे एक सॉफ्टवेअर कंपनी विकली आणि त्याला मातीची ओढ लागली. ही ओढ विकल्यानंतरच लागते, आधी कधी लागत नाही. शंभर वर्षांच्या गोठ्याचं लाकूड कुठूनतरी आणून त्यानं टेस्टिंग रूम बांधली होती. विहीणबाईंनी भिंतीवर हात फिरवला आणि हळूच विचारलं, “वाळवी बघून घेतलीय ना?”

वाइन ओतणारे गृहस्थ सत्तरीचे, गळ्यात रेशमी रुमाल. ते पूजा सांगावी तसं बोलत होते. या बेटावर बड्या घराण्यातल्या द्राक्षांना पिकायला पुरेसं ऊन मिळत नाही, म्हणून थंडीतही लवकर पिकणारे दोन वाण लावतात. एकाचं नाव मॅडलीन अँजेव्हिन, दुसऱ्याचं सीगररेबे. पहिलं ऐकून मला शाळेतली फ्रेंच शिक्षिका दिसली, दुसरं ऐकून कस्टमचा जर्मन अधिकारी. गृहस्थ म्हणाले, “या वाइनचा समुद्राशी संवाद चालू आहे.” मी मान डोलावली. माझ्या जिभेला जे लागलं ते असं: थंड, आंबट, आणि मागून हलकासा फुलांचा वास, देवघराच्या बाजूनं गेल्यासारखा. वाईट नव्हतं. पण एवढ्या साध्या बोलण्यासाठी कोणी शिकागोहून विमानानं येत नाही.

“आंबटपणाला कणा आहे,” मी डोळे मिटून नानांना म्हणालो.

“म्हणजे आंबट आहे?”

“म्हणजे, रचना आहे.”

“म्हणजे लाव का?”

“थांबा नाना. अजून एक जागा बघू.”

“बाबा, डोळे उघडून पी ना, प्लीज,” केतकी म्हणाली. “लोक बघतायत.”

मग चीजचा पाट आला. त्यावर चार तऱ्हेची चीज, तीन तऱ्हेची बिस्किटं आणि हिरव्या द्राक्षांचा एक छोटा घड. इतका वेळ मागे रेलून बसलेले नाना ताठ झाले. त्यांनी एक मणी तोडला, उजेडाकडे धरला, दाबून पाहिला, तोंडात टाकला.

“हे यांच्या बागेतलं नाही,” ते म्हणाले. “हे बिनबियांचं, खायचं द्राक्ष. गोडी आहे, पण कुरकुरीतपणा गेलाय. चांगले दहा-बारा दिवस कोल्ड स्टोरेजला होतं. केतकी, विचार त्यांना.”

केतकीनं विचारलं. रेशमी रुमालवाल्या गृहस्थांनी समुद्राशी संवाद थांबवून आत जाऊन चौकशी केली. द्राक्षं फेरीच्या धक्क्याजवळच्या किराणा दुकानातून आणली होती. खिडकीबाहेर वीस एकर द्राक्षबाग उभी होती आणि आत दुकानातला घड खायला दिला होता. आमच्याकडे लग्नात आंबराई असलेल्या माणसानं डब्यातला आमरस वाढला असता तर त्याची पुढची तीन लग्नं अडली असती. इथे त्याला वाइनचं ‘पेअरिंग’ म्हणतात.

खडकाळ किनाऱ्यावर

जेवायला आम्ही समुद्रकाठच्या लाकडी बाकांवर बसलो. वाळू नाही, नुसते गोटे. पाण्यात कोणी उतरत नाही. सगळे जॅकेट घालून क्षितिजाकडे बघत बसलेले, जणू तिकडून कोणाची गाडी यायची आहे. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब शिंपल्यातली कच्ची कालवं गिळत होतं. आमच्या टेबलावर तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात. सीगल पक्ष्यानं कालवांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, माझ्या हातातली पुरी नेली. बेटावरचा तेवढा एक खरा चोखंदळ मला भेटला.

दहीभात संपल्यावर विहीणबाईंनी पिशवीतून पितळी डबी काढली. बडीशेप, सुकं खोबरं, ज्येष्ठमध आणि लवंगा.

“लवंग घ्या हो, दहीभात थंडीत बाधतो.”

विहिणीनं पुढे केलेली डबी नाकारायची आपल्यात पद्धत नाही. शिवाय माझी खालची शेवटची दाढ गेली दोन वर्षं पोकळ आहे. अमेरिकेतल्या डेंटिस्टकडे जाण्यापेक्षा मी तिच्यात लवंग ठेवतो आणि विसरून जातो. चिमूटभर बडीशेप-खोबरं चावून गिळलं आणि दोन लवंगा दाढेत मुक्कामाला पाठवल्या.

कोर्सच्या पहिल्याच धड्यात लिहिलं होतं की चाखण्याआधी दोन तास मसालेदार काही खाऊ नये. तो धडा मी दीडपट वेगानं पाहिला होता.

जोआनची शेड

दुसरी जागा मुख्य रस्त्यापासून आत होती. पाटी हातानं रंगवलेली, शेड पत्र्याची, दारात एक म्हातारा कुत्रा. मागे पाचेक एकर उतारावर द्राक्षाच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीवर पक्ष्यांसाठी पांढरी जाळी, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळलेली. मालकीण जोआन साठीची, गमबूट घातलेली, बोटं भेगाळलेली. बाग तीच करते, वाइन तीच करते, ओततेही तीच. काउंटरवर आमच्याआधी एक निवृत्त जोडपं होतं. दोघांची जॅकेटं एकाच रंगाची, दोघांच्या हातात नोंदी करायच्या छोट्या वह्या.

नानांना शेडमध्ये रस नव्हता, पण माझा निकाल ऐकायचा होता, म्हणून ते दाराशी उभे राहिले.

जोआननं पहिला ग्लास दिला. मी फिरवला, हुंगला, घोट घेतला, तोंडात घोळवला. आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा मला वाइनमध्ये खरोखर काहीतरी सापडलं. ओला दगड नाही, कापलेलं गवत नाही. स्पष्ट, धडधडीत वास.

“लवंग,” मी इंग्रजीत जाहीर केलं. “बडीशेप. आणि मागे थोडं सुकं खोबरं.”

जोडप्यातल्या बाईंनी लगेच आपला ग्लास हुंगला. “अरे हो,” त्या म्हणाल्या. “लवंग आहे.”

“मला खोबरं जास्त येतंय,” त्यांचे यजमान म्हणाले आणि दोघांनी वहीत लिहिलं. त्यांच्या ग्लासात लवंग कुठून आली हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण तेव्हा मला वाटलं की आपली विद्या फळाला आली.

जोआन नुसती हसली. दुसरा ग्लास, पुन्हा लवंग. मग तिनं मागच्या टाकीतून काढलेली वाइन दिली. “ही अजून बाटलीत गेलेली नाही. गुरुवारी बाटल्या भरणारा ट्रक येतोय. वर्षाची सगळी सीगररेबे यातच आहे.”

“इथे तर लवंग सगळ्यात जास्त,” मी म्हणालो. तोवर दाढेतल्या लवंगा चांगल्याच भिजल्या असणार.

जोआननं हातातला जग खाली ठेवला.

“नक्की?”

“नक्की.”

“तुम्ही या धंद्यात आहात का?”

इथे परत एक संधी होती. मी म्हणालो, “मी सर्टिफाइड आहे.”

तिनं स्वतः हुंगून पाहिलं, पुन्हा पाहिलं. “मला येत नाहीये,” ती म्हणाली. “पण मी सहा महिने याच वासात वावरतेय. स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही.” मग तिनं आम्हा सगळ्यांना शांतपणे समजावलं की पांढऱ्या वाइनमध्ये लवंगेचा असा वास येणं चांगलं नसतं. आंबवताना काहीतरी बिघडलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर ही टाकी बाटलीत जाणार नाही. निवृत्त जोडप्यानं गंभीर माना हलवल्या. ट्रक या आठवड्यात परत पाठवला तर पुढची तारीख तोडणीनंतरची, आणि तोडणीला टाक्या रिकाम्या हव्यात, असं स्वतःशी पुटपुटत ती फोन शोधू लागली.

“काय झालं गं?” नानांनी केतकीला विचारलं. केतकीनं सांगितलं. नाना माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. व्याह्यानं मुलीच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवणं ही साधी गोष्ट नाही.

“पाहुणे, खरं सांगतो, सकाळपासून मला शंका येत होती. त्या टेकडीवर तुम्ही जे बोलत होतात ना, कणा न् रचना, मला वाटलं हे नुसतं बोलतायत. पण जे त्या बाईच्या नाकाला कळलं नाही ते तुमच्या जिभेनं पकडलं. आता तुम्ही म्हणाल ते फायनल.”

मी नम्रपणे हसलो. हसताना जीभ सवयीनं मागच्या दाढेकडे गेली आणि तिथे तिला लवंगेची काडी लागली. शेजारी दुसरी.

पुढच्या काही सेकंदांबद्दल मी खोटं लिहू शकतो, कारण ते कोणी पाहिलं नाही. पण खरं असं की पहिला विचार मनात आला तो गिळून टाकायचा. गिळल्या की पुरावा संपला. मी सर्टिफाइड राहीन, नाना चार एकर माझ्या शब्दावर काढतील, जोआन टाकी ओतून देईल आणि निवृत्त जोडपं वहीत खोबरं लिहून सुखानं घरी जाईल. मी तोंडात लाळ गोळासुद्धा केली होती. जोआनचा फोन कोणी उचलला नाही. ती निरोप ठेवू लागली, “हाय, मी जोआन, गुरुवारचं जरा...” आणि बोलता बोलता तिनं टाकीवर हात ठेवला.

मी वर्गात करतात तसा हात वर केला.

मग पेपर नॅपकिन घेतला, तोंडात बोट घातलं, आणि सर्टिफाइड माणसाच्या दाढेतून दोन लवंगा काढून काउंटरवर ठेवल्या.



“अगं बाई,” विहीणबाई म्हणाल्या. “माझ्या डबीतल्या.”

जोआननं फोन बंद केला. नॅपकिन उचलून लवंगा लांबूनच हुंगल्या, मग टाकीतला ग्लास हुंगला, परत लवंगा, परत ग्लास. मग ती एका पालथ्या क्रेटवर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.  शेवटी तिनं पुन्हा फोन लावला, “मघाचा निरोप विसरा, ट्रक गुरुवारीच,” एवढं म्हणाली, आणि माझ्यापुढे पावाचा तुकडा आणि पाणी ठेवलं. वाइन ठेवली नाही.

निवृत्त जोडप्यातल्या बाईंनी आपला ग्लास परत हुंगला. “मला अजूनही लवंग येतेय,” त्या म्हणाल्या.

“मलाही,” यजमान म्हणाले. वहीतलं त्यांनी काही खोडलं नाही. त्यांच्याकडे बघून मला माझं सगळं मंडळ दिसलं, आणि फर्नेसशेजारचं सर्टिफिकेटही.

ओळींमध्ये

एव्हाना नाना शेडमध्ये नव्हते. ते जाळी उचलून एका ओळीत शिरले होते, उकिडवे बसून मणी चिरडत होते आणि ब्रिक्स मीटर डोळ्याला लावून मान सूर्याकडे करत होते. आसपास गांधीलमाश्या घोंघावत होत्या, त्यांची त्यांना पर्वा नव्हती. कुत्रा त्यांच्याजवळ जाऊन बसला होता. जोआननं खिडकीतून हे पाहिलं आणि ती तरातरा बाहेर गेली. मला वाटलं, आता पोलीस.

ती नानांपाशी थांबली, खाली बघत राहिली, आणि मग तिनं जॅकेटच्या वरच्या खिशातून आपला ब्रिक्स मीटर काढला. त्याच मण्याचा थेंब तिनं आपल्या काचेवर घेतला.

“एकोणीस,” नाना म्हणाले.

“नाइन्टीन,” जोआन म्हणाली.

त्यांना दुभाष्याची गरज फारशी नव्हती, पण केतकी मध्ये उभी राहिली. मला कोणी बोलावलं नाही. मी पाव खात मागे मागे गेलो.

“यांनी घडापुढची पानं का काढलीत?” नानांनी विचारलं. “उन्हानं मणी भाजत नाहीत?”

“ऊन मिळावं म्हणूनच काढते. इथे तेच कमी,” जोआन म्हणाली. “तुमच्याकडे?”

“आमच्याकडं उलटं. ऊन लागू नये म्हणून आम्ही घडाला कागद गुंडाळतो. वर्तमानपत्राचा.”

“प्रत्येक घडाला?”

“प्रत्येक घडाला.”

“हातानं?”

“बाया करतात. पंचवीस-तीस बाया असतात.”

जोआननं समोरच्या ओळीतले घड मोजायला घेतले आणि सोडून दिले. “वेडे आहात तुम्ही लोक,” ती म्हणाली. केतकीनं हे भाषांतर करायचं टाळलं, पण नानांना कळलं. त्यांनी जाळीवरचा कपड्यांचा चिमटा काढून तिला दाखवला आणि परत जागेवर लावला. ती पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

मग नानांनी खरा प्रश्न विचारला. “हिला सांग, माझी चार एकर थॉमसनची बाग आहे, अठरा वर्षांची. ती काढून पांढऱ्या वाइनचं लावावं का?”

जोआननं विचारलं, “द्राक्ष पिकताना तुमच्याकडे रात्री स्वेटर लागतो का?”

“फेब्रुवारीत पहाटे लागतो. मार्चात नाही.”

 “मग मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मी तुमची माती पाहिलेली नाही. जे माहीत नाही ते मी सांगत नाही.”

हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी तेवढं मनाला लावून घेतलं नसतं.

परतीच्या फेरीवर

डेकवर वारा सकाळपेक्षा जास्त होता. नाना रेलिंगला टेकून उभे होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, कारण गाडीत विहीणबाई ‘माझ्याच डबीनं घात केला’ असं आठव्यांदा म्हणत होत्या.

“पाहुणे,” नाना म्हणाले. “लग्नात पाऊण तास जे सांगितलंत, ते?”

“व्हिडिओतलं.”

“आणि तो ओल्या दगडाचा वास?”

“येतो असं म्हणतात.”

“तुम्हाला आला?”

“नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही, नाना.”

नानांनी ब्रिक्स मीटर चष्म्याच्या घरात घालून खिशात ठेवला. “बरं झालं, इथं बोललात,” ते म्हणाले. “पिंपळगावला येऊन बोलला असतात तर फार उशीर झाला असता.”

मी रविवारी शॉमबर्गला परतलो. मंडळात बेटाचे फोटो दाखवले, लवंगांचा विषय काढला नाही. एका मित्रानं विचारलं, तिकडची पांढरी कशी होती. मी म्हणालो, “आंबट आणि चांगली.” बाकीचे चौघे एकमेकांकडे बघत राहिले. मला बरं नसावं असं त्यांना वाटलं असणार.

ऑक्टोबरात नानांचा फोन आला. मागे बाया बोलत होत्या, कात्र्यांचा आवाज येत होता.

“छाटणी चालू आहे,” नाना म्हणाले.

“कशाची?” मी विचारलं.

“थॉमसनची, आणखी कशाची. चारही एकर. बांधाकडच्या दोन ओळी तेवढ्या काढणार आहे, तिथं पांढरं लावून बघीन. फळ धरलं की माझं मीच बघीन काय ते. निखिल फोनवर चिडला होता. म्हणाला, कोणाला विचारून ठरवलं? म्हटलं, व्याह्यांना विचारून.”

“पण नाना, मी तर काहीच सांगितलं नाही.”

“असं कसं? लग्नात सांगितलं होतंत ना, ‘लाव’ म्हणून.” कात्री दोनदा वाजली. “म्हणून तर नाही लावलं. आणि हो, पुढंही विचारत जाईन हं तुम्हाला. फार उपयोग होतो.”